हवामान सांगणारा माणूस आणि शनिवारची भुतं

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे जसं आलं ते बहुतेक तसंच ठेवलंय.)

आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव तुम्ही बहुतेक ऐकलेलं नसणार. पण तुमच्यात कोणी झोंबी सिनेमांचे भक्त असतील, तर त्यांनी त्याचा चेहरा पाहिलाय. फक्त तो कोण हे त्यांना माहीत नाही. त्याचं नाव बिल कार्डिल. गाव पिट्सबर्ग, अमेरिका.

पिट्सबर्ग म्हटलं की आता आपल्याकडच्या मुलांना एकच गोष्ट आठवते, कार्नेगी मेलन आणि तिथली ॲडमिशन. पण मी बोलतोय ते साठच्या दशकातल्या पिट्सबर्गबद्दल. पोलादाचं शहर. नदीकाठाने मैलोन् मैल भट्ट्या, आणि मधोमध दोन नद्यांचा संगम. अलेगेनी आणि मोनोंगाहेला एकत्र येतात आणि तिथून पुढे ओहायो नदी सुरू होते. मी कराडचा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर भेळ खात मोठा झालेला माणूस. त्यामुळे दोन नद्यांच्या गावाबद्दल उगाच आपुलकी वाटते, ती तुम्ही चालवून घ्या.

तर आधी तिथलं टीव्हीचं गणित समजून घेऊ. आपल्याकडे दूरदर्शन वरून खाली आलं. दिल्ली, मग मुंबई. अमेरिकेत उलट प्रकार होता. प्रत्येक शहराची आपापली स्टेशनं. ती एनबीसी, सीबीएस अशा एखाद्या मोठ्या नेटवर्कशी जोडलेली. संध्याकाळचे मोठे कार्यक्रम नेटवर्ककडून यायचे, पण सकाळचा, दुपारचा आणि रात्री उशिराचा वेळ भरायचा कोणी? स्टेशनने स्वतः. आणि माणसं किती? मोजकी. त्यामुळे ज्याचा आवाज बरा, चेहरा बरा आणि अंगात आळस नाही, त्याला सगळंच करावं लागायचं.

कार्डिलने १९५२ मध्ये ईरी नावाच्या छोट्या शहरातल्या स्टेशनवर सुरुवात केली. १९५७ मध्ये पिट्सबर्गला चॅनल ११ सुरू झालं आणि तो तिकडे आला. त्या चॅनलवर उमटलेला पहिला आवाज त्याचाच. पुढे त्याने तिथे काय केलं नाही? निवेदन केलं. स्टुडिओतल्या कुस्त्यांचं सूत्रसंचालन केलं, आणि त्या कुस्त्यांमध्ये ब्रुनो सामार्टिनो होता. हा तोच सामार्टिनो, ज्याने मे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत झोपवून जागतिक किताब घेतला होता. आणि कार्डिल हवामान सांगायचा.

हवामान सांगायचा म्हणजे तो शास्त्रज्ञ नव्हता. त्या काळी हे काम करणारे कितीतरी लोक नव्हते. सरकारी वेधशाळेचा अहवाल हातात यायचा, मागे नकाशाचा बोर्ड असायचा, आणि समोर कॅमेरा. कॉम्प्युटरचे फिरणारे ढग यायला अजून बराच अवकाश होता. म्हणजे तीन ओळींची माहिती आणि तीन मिनिटांचा वेळ. मधली जागा भरायची स्वतःच्या स्वभावाने! म्हणून स्टेशनं या जागेवर बोलका, हसरा माणूस ठेवायची. विलर्ड स्कॉट नावाचा अमेरिकेचा एक लाडका हवामानवाला त्याआधी बोझो नावाचा विदूषक होता, आणि मॅकडॉनल्ड्सचा पहिला रोनाल्ड मॅकडॉनल्डसुद्धा तोच. आता बोला.

पण गंमत बघा. बातम्या देणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात तो वेगळा. तो राष्ट्राध्यक्षांबद्दल बोलतो, युद्धाबद्दल बोलतो. हवामानवाला तुमच्या अंगणाबद्दल बोलतो. उद्या बर्फ आहे का? पोराला कानटोपी घालायची का? तो चुकला तर दुसऱ्या दिवशी दुकानात पकडून लोक विचारणार.

आता शनिवार रात्रीकडे वळू.

१९५७ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने भयपट, ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन वगैरे, ५२ सिनेमांचं पॅकेज करून टीव्ही स्टेशनांना विकायला काढले. पॅकेजचं नावच 'शॉक'. स्टेशनांना रात्रीचा वेळ स्वस्तात भरायचा होताच, त्यांनी ते उचललं. पण नुसता जुना सिनेमा लावला तर जाहिरातीच्या वेळी लोक उठून झोपायला जाणार. म्हणून मध्ये मध्ये येऊन चार गमती करणारा माणूस हवा. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ली तोंडाला पांढरं फासून भुतासारखा कोट घालून यायचा. लॉस एंजेलिसमध्ये त्याआधीच, १९५४ मध्ये, व्हँपिरा नावाची बाई लांब नखं आणि काळा झगा घालून आली होती. मग गावोगावी ही लाट पसरली. क्लीव्हलंडमध्ये तर बॉब वेल्स नावाचा हवामानवालाच 'हूलिहान' या नावाने रात्री सिनेमे घेऊन बसायचा. म्हणजे हा डबल रोल फक्त पिट्सबर्गचा नव्हता.

पिट्सबर्गमध्ये सप्टेंबर १९६३ मध्ये 'चिलर थिएटर' सुरू झालं. होस्ट बिल कार्डिल, टोपणनाव चिली बिली. आणि त्याने इतरांसारखा मेकअप केला नाही. दात लावले नाहीत, रक्त फासलं नाही. नीटनेटका सूट घालून, हवामान सांगतो त्याच चेहऱ्याने तो यायचा, हसायचा, सिनेमाची थोडी चेष्टा करायचा. पुढे त्याच्याभोवती एक अख्खं कुटुंब जमलं. किल्ल्याचा रखवालदार नॉर्मन, फज करणारी जॉर्जेट, नजर रोखून बघणारी 'टर्मिनल स्टेअर'. सेट स्वस्तातला, विनोद बऱ्यापैकी फालतू. ते खपून जायचं, कारण समोरचा माणूस घरचा होता.

आणि बघणारे कोण? पोरं तर होतीच, जागायची परवानगी मिळवलेली. शिवाय हे शिफ्टचं शहर. भट्टीवरची दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. त्यानंतर घरी येऊन जेवायला बसलेल्या माणसाला टीव्हीवर दुसरं काय मिळणार होतं? न्यूयॉर्कहून एनबीसीने १९७५ मध्ये 'सॅटर्डे नाईट लाइव्ह' सुरू केलं. तेच, ज्याच्या क्लिपा तुम्ही आज रीलमध्ये बघता. चॅनल ११ एनबीसीचंच. तरी पहिली काही वर्षं त्यांनी शनिवार रात्रीच्या त्या वेळेला ते लावलं नाही. कारण ती वेळ चिली बिलीची होती. देशभर गाजणारा कार्यक्रम दारात उभा, आणि एक गाव म्हणतंय, थांबा, आमचा माणूस बोलतोय. मला हे फार आवडतं.

इथे थोडं माझ्या मामाबद्दल. २००० नंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांमधून केबलवाल्यांचे स्वतःचे चॅनल होते, आठवतंय? तुमच्यातले जे पंचविशीच्या अलीकडचे आहेत त्यांना नसेल आठवत. दुपारी सीडीवरचा सिनेमा, खाली पट्टी, 'मोटार रिवाइंडिंग करून मिळेल', 'दहावीचे क्लासेस सुरू'. संध्याकाळी पंधरा मिनिटं गावच्या बातम्या. त्या माझा मामा वाचायचा. मागे निळा पडदा, समोर एक कॅमेरा, आणि उन्हाळ्यातही कोट, कमरेखाली लेंगा. सिनेमा लावण्याचं कामही त्याचंच. सीडी अडकली की लोक त्याच्या घरी फोन करायचे.

आणि पावसाळ्यात त्याचं महत्त्व कलेक्टरपेक्षा जास्त. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, दरवाजे किती फुटांवर आहेत, हे तो सांगायचा. २००५ च्या पुरात त्याने तर दिवसभर दर तासाला येऊन आकडे वाचले. मंडईत गेला की भाजीवाल्या आजी विचारायच्या, "काय ओ, पाणी वाढणार का?" जणू दरवाजे हाच उघडतोय.

त्याच सुमाराला त्याला मुंबईच्या एका वाहिनीकडून बोलावणं आलं होतं. तो गेला नाही. आजी आजारी होती, हे एक कारण. पण मला तेव्हा वाटायचं, घाबरला. आमच्या घरात तसं उघड बोललंही जायचं. "गेला असता तर आज कुठे असता." तुमच्याही घरात असा एखादा मामा, काका असेल ज्याच्याबद्दल हे वाक्य ठरलेलं असतं.

जाणारेही असतात, आणि त्यांचं चुकतं असं अजिबात नाही. डेव्हिड लेटरमनचं उदाहरण घ्या. इंडियानापोलिसच्या स्थानिक चॅनलवर तो हवामान सांगायचा आणि रात्री उशिरा 'फ्रीझ ड्राइड मूव्हीज' नावाने जुने सिनेमे दाखवायचा. कामं अगदी कार्डिलचीच. फक्त त्याला हवामानाचा कंटाळा होता. एका वादळाला चक्रीवादळाचा दर्जा मिळाला म्हणून त्याने त्या वादळाचंच अभिनंदन केलं होतं! १९७५ मध्ये तो लॉस एंजेलिसला निघून गेला आणि पुढे ३३ वर्षं रात्रीचे टॉक शो केले, २०१५ पर्यंत. सगळ्या जगाला माहीत झाला. लेटरमनची गोष्ट मला लगेच कळते. आपल्या सगळ्या गोष्टी तशाच असतात, छोट्या गावातून मोठ्या शहरात. राहिलेल्याची गोष्ट कशी सांगायची, हे मात्र मला कोणी शिकवलं नाही.

कार्डिलच्या बाबतीत ती एका सिनेमाने सांगितली.

१९६७ मध्ये पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि छोटे माहितीपट करणारी काही तरुण मंडळी होती. त्यांच्यातला एक जॉर्ज रोमेरो. त्यांनी वर्गणी काढून भयपट करायला घेतला. शहराबाहेर, इव्हान्स सिटीजवळ एका जुन्या घरात शूटिंग. तो सिनेमा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. आज आपण जे काही झोंबी बघतो, सीरिज, गेम, सगळ्यांचं मूळ इथे. या सिनेमात मेलेले लोक उठून चालायला लागतात, आणि घरात अडकलेली माणसं टीव्हीवर बातम्या बघत बसतात. त्या बातम्यांमध्ये एक वार्ताहर रानात जाऊन शेरीफची मुलाखत घेतो. तो वार्ताहर बिल कार्डिल. बिल कार्डिल म्हणूनच, दुसरं कोणी नाही.

आता पिट्सबर्गमधल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. हाच चेहरा तुम्हाला रोज सांगतो की उद्या बर्फ पडणार. आणि तोच चेहरा, त्याच शांत आवाजात, शेरीफला विचारतोय की या मेलेल्यांना थांबवायचं कसं. रोमेरोकडे पैसे नव्हते, स्टार नव्हते. कार्डिलने त्याला काय दिलं असेल तर दहा वर्षांत गावाकडून मिळवलेला विश्वास. तो मुंबईहून, सॉरी, न्यूयॉर्कहून आणलेल्या नटाला देता आला नसता. पुढे १९८५ मध्ये रोमेरोच्याच 'डे ऑफ द डेड'मध्ये कार्डिलची मुलगी लोरी नायिका झाली.

'चिलर थिएटर' १९८३ च्या अखेरपर्यंत चाललं. वीस वर्षं. तोवर घरोघरी केबल आणि व्हीसीआर येत होते. १९८४ मध्ये अमेरिकी सरकारने टीव्हीवर जाहिरात किती वेळ दाखवायची यावरची मर्यादा काढून टाकली, आणि देशभरातली रात्रीची वेळ हळूहळू अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विक्रीच्या कार्यक्रमांना गेली. सुरी विका, व्यायामाचं यंत्र विका. त्यात गावाच्या माणसाला पगार देण्यापेक्षा वेळ विकणं फायद्याचं. पिट्सबर्गच्या भट्ट्याही त्याच काळात एकामागून एक बंद पडत होत्या. कार्डिल मात्र टीव्हीवर राहिला, नंतर रेडिओवर, २०१४ पर्यंत. दरवर्षी जेरी लुईसच्या टेलिथॉनसाठी स्थानिक सूत्रसंचालन करून त्याने स्नायूंच्या आजारावरच्या कामासाठी पैसे गोळा केले. जुलै २०१६ मध्ये, ८७ व्या वर्षी तो गेला.

एक गोष्ट राहिली. त्या काळी व्हिडिओटेप महाग असायची. स्टेशनं कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरं रेकॉर्ड करायची. त्यामुळे साठच्या दशकातलं असं स्थानिक काम फार थोडं उरलंय. रोज सांगितलेलं हवामान कोण जपून ठेवणार? आणि 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'चं काय झालं, तर शेवटच्या क्षणी सिनेमाचं नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळच गळली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सिनेमा अमेरिकेत कोणाच्याच मालकीचा राहिला नाही. निर्मात्यांचं नुकसान झालं. पण म्हणूनच तो कुठेही, कोणीही दाखवत राहिला, आणि आज इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

गेल्या जुलैमध्ये गावी गेलो होतो. केबलचं चॅनल बंद होऊन बरीच वर्षं झाली, मामाचं आता झेरॉक्सचं दुकान आहे. मी त्याला माझ्या फोनवर तो मुलाखतीचा तुकडा दाखवला. हा कोण, काय, काहीच सांगितलं नाही. मामाने चष्मा वर केला, बघितलं, म्हणाला, "नट नाही हा. सवयीचा माणूस आहे. प्रश्न विचारून झाला की कसा गप्प राहतो बघ."

मी काही बोलणार, तेवढ्यात काउंटरवर एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. बाहेर पाऊस. पैसे देता देता त्यांनी विचारलं, "भाऊ, कोयनेतनं किती सोडलंय?"

मामाने फोनकडे न बघता आकडा सांगितला.