घरचा कूलर घरीच सांभाळा

पिंपरी-चाकण पट्ट्यात वस्तीवरच्या घरातही आता कूलर असतो. त्याच्या टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवेच. तीन पिनांचा प्लग असूनही सॉकेटला अर्थची तार जोडलेली नसते, ती वायरमनकडून तपासून घ्या.

बोअरचे क्षारयुक्त पाणी ठिबकच्या तोट्या चोंदवते, तसेच कूलरच्या वाळ्याच्या ताट्याही. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासा आणि वाळवा. डेंग्यूचा डास अंडी कडेलाच चिकटवतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात.

कूलर चालताना खिडकी उघडी हवी. मृग लागला की हवाच दमट होते. मग कूलर धुऊन, वाळवून झाकून ठेवावा.