इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही



आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत. गाडी म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात, "ते पुरुषमाणसांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय?" पण गाडी बिघडली की दुरुस्तीचा पैसा येतो कुठून? आधी घरातल्या डब्यातून, आणि तो पुरला नाही की गटाच्या बचतीतून. कर्जाच्या अर्जावर सही बाईची असते, हप्ताही तिलाच फेडावा लागतो. मग गाडीला नेमकं काय झालंय, हे तिनं विचारायला नको का?

आम्ही बजाजनगरच्या. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला ही कामगारांची वस्ती वाढत गेली. तिकडे शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात अनेक घरांची चूल गाडीच्या कारखान्यावर पेटते. तरी गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं, "गिअरबॉक्स गेलाय, कर्ज पाहिजे," की आपण सगळ्या गप्प होतो. आजचं बोलणं त्या गप्प बसण्यावर आहे.

अलीकडे जुन्या ऑटोमॅटिक गाड्या खेड्यापाड्यात येऊ लागल्या आहेत. स्कॉर्पिओचंच घ्या. ही गाडी २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि २००८ साली तिचं सहा गिअरचं ऑटोमॅटिक रूप आलं. त्या काळातल्या अशा गाड्या, त्यातही चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण फोर बाय फोर म्हणतो त्या, आता जुन्या बाजारात कमी पैशात मिळतात. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात अशी गाडी सोन्यासारखी वाटते. पण तिचा गिअरबॉक्स बिघडला, तर दुरुस्ती अनेकदा लाखाच्या घरात जाते. म्हणून आधी तपास, मग कर्ज.

आता ही गाडी 'स्लिप' होते म्हणजे काय होतं? गटाची पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. मोटर जोरात फिरते, पण पट्टा सैल झाला की तो घसरतो आणि जातं मंद होतं. मोटर चांगली, जातं चांगलं, मधली पकड सुटलेली. गाडीत तेच होतं. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेगाचा काटा जागचा हलत नाही. ज्या ताया बिनगिअरची स्कूटी चालवतात, त्यांनी पट्टा झिजल्यावर हे अनुभवलं असेल.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं भांडं असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. पुढे गिअरबॉक्समध्ये पातळ चकत्यांचे जुडगे असतात. तेलाच्या दाबानं त्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात, तेव्हा गिअर लागतो. म्हणजे या गाडीत तेल वंगणाचं काम करतं, जोर पोचवतं आणि पकडही धरतं. तेल कमी पडलं की दाब पडतो, दाब पडला की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि जळतात. म्हणून स्लिप होणारी गाडी "चालतेय तोवर चालू द्या" म्हणून दामटायची नसते. आज हजारांत होणारं काम महिन्याभरात लाखावर जातं.

आता तपासाकडे येऊ. पहिला प्रश्न असा विचारा: चढावर पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो की नाही? आवाज चढतो पण वेग येत नाही, तर पकड सुटते आहे. आवाजच चढत नाही, गाडी दमल्यासारखी होते, काळा धूर सोडते, तर बिघाड बहुधा इंजिनाकडे आहे. हवेचा फिल्टर भरलेला असेल, डिझेल फिल्टर तुंबला असेल, नाहीतर टर्बोचा पाइप निसटला असेल. ही कामं कितीतरी स्वस्त आहेत. या एका प्रश्नानं गिअरबॉक्स उगाच उघडणं टळू शकतं.

दुसरा प्रश्न: केव्हा घसरते? पुढे जाण्यासाठी 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून मग धक्क्यानं निघते का? मागे घेतानाच त्रास होतो का? कन्नडच्या घाटात किंवा म्हैसमाळच्या चढावर तापल्यानंतरच होतो, की सकाळी थंड असतानाही? सगळ्याच गिअरमध्ये होतं, की एकाच? सगळ्या गिअरमध्ये घसरत असेल तर सगळ्यांना लागणाऱ्या वस्तूवर संशय घ्यायचा: तेल, तेलाचा फिल्टर, पंप. एकाच गिअरमध्ये होत असेल तर त्या गिअरच्या चकत्या किंवा त्याचं तेल सोडणारा विजेचा झडप, ज्याला मेकॅनिक सोलेनॉइड म्हणतात, तो पाहायचा. तापल्यावरच होत असेल तर पातळ झालेलं तेल कुठल्या झिजलेल्या सीलमधून निसटून दाब उतरतो का, ते बघावं लागतं. या गोष्टी वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात "ताप कधी येतो?" असं डॉक्टर विचारतात, तसंच हे आहे.

तिसरी गोष्ट तेल. काही गाड्यांना गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी असते. बहुतेक गाड्यांत तपासायची रीत अशी: गाडी सपाट जागी उभी करा, हॅन्डब्रेक ओढा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरमधून एकदा फिरवा आणि 'पी'मध्ये आणा. इंजिन गरम आणि चालू असताना पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला, मग बघा. आपल्या गाडीची नेमकी रीत तिच्या पुस्तकात असते, तीच खरी धरा. काही गाड्यांत पट्टीच नसते, खालून बोल्ट काढून, ठराविक तापमानाला पातळी बघतात. ते काम वर्कशॉपमध्येच करायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नवं तेल बहुतेक वेळा लाल, आरपार दिसणारं असतं. तपकिरी झालं असेल तर जुनं झालंय. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर चकत्या जळतायत. दुधाळ गुलाबी असेल तर त्यात पाणी शिरलंय, बहुधा रेडिएटरमधून. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. बोटाला धातूचा चुरा लागला तर आतली झीज मोठी आहे.

तेल कमी असेल तर ते गेलं कुठे? गिअरबॉक्सचं तेल चुलीवरच्या आमटीसारखं आटत नाही, ते गळतंच. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा. लाल तेलकट डाग दिसला तर कूलरकडे जाणारा पाइप, खालच्या तेलपात्राचं गॅस्केट किंवा शाफ्टचं सील यापैकी काहीतरी गळतंय. रेडिएटरचं पाणीही कधी गुलाबी असतं, पण ते पाण्यासारखं पातळ लागतं. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको. गळती न थांबवता नुसतं तेल भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. आणि "कुठलंही चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पुस्तकात लिहिलेल्या जातीचंच तेल घालायचं. प्रमाणाबाहेर भरलं तरी फेस होऊन पुन्हा दाब पडतो.

चौथी गोष्ट वीज. या गाड्यांचे गिअर छोटा संगणक बदलतो. बॅटरी कमजोर असेल, तार उंदरानं कुरतडली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, तर संगणक गोंधळतो आणि स्वतःला वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. मग ती उचल घेत नाही आणि आपल्याला वाटतं घसरतेय. म्हणून स्कॅनर लावून घ्या आणि आलेले कोड कागदावर मागा. पी ०७०० आला तर गिअरबॉक्सच्या संगणकानं तक्रार नोंदवली आहे एवढंच कळतं. पी ०७३० म्हणजे गिअरचा हिशेब जुळत नाही. पी ०७४० म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचच्या यंत्रणेत दोष. कोड कुठे बघायचं ते दाखवतो, कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही.

पाचवी गोष्ट फोर बाय फोरवाल्यांसाठी, आणि ती हमखास राहून जाते. या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. जोर पुढच्या चाकांना द्यायचा की नाही, हे ती ठरवते. तिची साखळी जुनी होऊन ताणली, की जोर पडल्यावर दातांवरून उडी मारते. तेव्हा खटखट असा कडक आवाज येतो. गिअरबॉक्सच्या चकत्या घसरताना असा आवाज बहुधा येत नाही. ट्रान्सफर केस अर्धवट लागली, न्यूट्रलमध्ये राहिली, तरी इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. मोकळ्या मातीच्या जागेवर एक परीक्षा होते: साध्या टू-व्हीलमध्ये गाडी हलत नाही, पण फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढे सरकते, तर दोष बहुधा मागच्या शाफ्टमध्ये, मागच्या धुऱ्यात किंवा ट्रान्सफर केसमध्ये आहे. गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. ही परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नका. बटणानं किंवा दांड्यानं फोर-व्हील लावायच्या गाड्या कोरड्या डांबरावर तशा चालवल्या तर वळताना आतले भाग आवळले जातात. चारही टायर एकाच मापाचे ठेवा, तेही याच कारणासाठी.

एवढं झाल्यावर मेकॅनिककडे जा. तेलाचा दाब घड्याळ लावून मोजायचं आणि तेलपात्र उघडून फिल्टर बघायचं काम त्याचं. ब्रेक दाबून पाय पूर्ण देण्याची स्टॉल टेस्ट घरी मुळीच करू नका, काही सेकंदांत गिअरबॉक्स तापतो आणि गाडी सुटली तर जिवावर बेततं. गाडी बंद पडली तर दोरीनं ओढून नेऊ नका. इंजिन बंद असलं की पंप बंद, आणि चाकं फिरली की आतले भाग तेलाविना घासतात. चारही चाकं उचलून नेणारी गाडी मागवा.

आता आपल्या गटाचं बोलू. आमच्या एका गटात अशाच दुरुस्तीसाठी मोठ्या कर्जाचा अर्ज आला. गाडीवर त्या ताईंचं घर चालायचं, भाजी जाधववाडीच्या बाजार समितीत जायची. मेकॅनिकनं गिअरबॉक्स उघडायला सांगितलं होतं. गटानं अर्ज नाकारला नाही, फक्त आधी तेलाची पातळी आणि गळती बघून यायला सांगितलं. कूलरचा पाइप गळत होता, तेल बरंच उतरलं होतं, पण जळलेलं नव्हतं. पाइप, फिल्टर आणि तेल बदलून गाडी कामाला लागली, कर्ज थोडक्यात आटोपलं. दुसऱ्या एका घरी मात्र तेल काळंकुट्ट निघालं, चुराही दिसला. तिथं गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नव्हता. तेव्हा प्रश्न वेगळा होता: एवढा पैसा या गाडीत घालायचा, की आहे तशी विकून हप्त्यातून मोकळं व्हायचं? हिशेब मांडून त्यांनी गाडी विकली. तपासानं दरवेळी पैसा वाचत नाही, पण निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो.

म्हणून दुरुस्तीच्या कर्जाला मंजुरी देण्याआधी गटानं चार कागद मागावेत. तेलाची पातळी आणि रंग यांची नोंद. स्कॅनरचे कोड. कुठला भाग, किती किंमत, किती मजुरी, असा लेखी अंदाज. आणि काम मोठं असेल तर दुसऱ्या मेकॅनिकचं मत. काढलेले जुने भाग परत मागा, पक्कं बिल घ्या, वॉरंटी लिहून घ्या. मेकॅनिकला चोर समजू नका. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. तरीही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिल असेल तर तिथं आपली बाजू भक्कम राहते.

आणि जुनी ऑटोमॅटिक गाडी घ्यायची असेल तर ती थंड असताना बघायला जा, मग अर्धा तास चालवून, तापवून, चढावर नेऊन पुन्हा बघा. तेलाचा थेंब कागदावर घ्या. विकणारा "तेल बघायची गरजच नाही" म्हणाला, तर पैसे पिशवीतच ठेवा.

मैत्रिणींनो, गिरणीचा पट्टा सैल झालाय हे आपल्याला आवाजावरून कळतं. गाडीचा आवाजही तसाच ऐकायला शिकू. पुढच्या बैठकीत हा विषय काढा, ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना पुठ्ठ्याची परीक्षा करायला सांगा, आणि काय दिसलं ते वहीत लिहून आणा. नमस्कार.