व्याज : एका शब्दाचे दोन अर्थ

पिंपळवंडीच्या व्यापाऱ्यास ‘व्याज’ शब्द नवा नाही. संस्कृतात मात्र त्याचा मूळ अर्थ कपट, निमित्त. म्हणून ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे निष्कपट प्रेम. ज्यास मराठी माणूस व्याज म्हणतो, त्यास संस्कृतात ‘वृद्धी’ वा ‘कुसीद’ म्हणत. मराठी शब्द बहुधा कर्जदारानेच रूढ केला असावा!

दामदुपटीच्या नियमाने व्याजाला मुद्दलाएवढी मर्यादा घातली होती. तरीही १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी मारवाडी-गुजराती सावकारांवर उठले. रोखे, वह्या जाळल्या.

जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत मात्र निराळीच वृद्धी आढळते. वेळूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेवलेली. मुद्दल न मोडता केवळ वाढ खर्चावयाची, अशा ठेवीस प्राचीन लेखांत ‘अक्षयनीवी’ म्हणत.