बेथेल कुणाचं?

(शिरूर अनंतपाळ इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर राबतो, पाळी सुटली की कविता लिहितो. पंडितांसारखं बोलणं मला जमायचं नाही. पण तुम्ही जो प्रश्न टाकलाय तो पंडितांवर सोडण्यासारखा नाही, म्हणून आलो.

प्रश्न असा : वस्तीत पत्र्याच्या खोलीत रविवारी प्रार्थना होते. पाळक येतो. आपली चार घरं तिथं जातात, त्यातली बरीचशी मातंगांची. आपल्यातले काही गडी म्हणतात, हे परदेशी पैशाचे दलाल आहेत, हाकला यांना. दुसरे म्हणतात, ज्याचा देव त्याच्यापाशी, आपल्याला काय करायचंय.

मला दोन्ही उत्तरं स्वस्तातली वाटतात. 'हाकला' ही आपली भाषा नाही, ती गावाची भाषा आहे. आपल्या आज्याला गावानं ह्याच शब्दात विहिरीवरून हाकललं. आणि 'आपल्याला काय करायचंय' ही तर सवर्णाची भाषा. मग आपलं उत्तर काय? त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्याच मराठवाड्यात, जालन्याच्या शेजारी, दीडशे वर्षांपूर्वी एक गाव वसलं होतं. त्याची गोष्ट आधी बघू.

पण ते गाव वसवणारी माणसं कोण, तेही माहीत पाहिजे. स्कॉटलंडचे मिशनरी १८२३ साली कोकणात बाणकोटला उतरले. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत आला, त्याच्या नावाचं कॉलेज आजही चौपाटीवर उभं आहे. ही मंडळी प्रेस्बिटेरियन. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडील, जाणता माणूस. यांच्या पंथात बिशप नसतो. मंडळीतल्या लोकांनी आपल्यातलेच वडील निवडायचे, त्यांनी कारभार बघायचा, पाळकही मंडळीच्या संमतीनं यायचा. कागदावर बघा, किती चांगली गोष्ट आहे. खालून वर जाणारी सत्ता.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. त्यांच्या देशात पाळक कोण नेमणार यावर मोठं भांडण झालं. जमीनदार म्हणायचे, नेमायचा हक्क आमचा. १८४३ च्या मे महिन्यात एडिंबरोत साडेचारशेच्या वर पाळक सरकारी चर्च सोडून बाहेर पडले. पगार सोडला, राहती घरं सोडली. फ्री चर्च काढलं. मुंबईतला विल्सन आणि त्याचे साथी त्यांच्यासोबत गेले. जमीनदारानं नेमलेला पाळक आम्ही घेणार नाही, हा त्यांचा बाणा. मी त्याला सलाम करतो. आणि म्हणूनच ह्या लोकांना दुसऱ्या कुठल्या मापानं मोजायची गरज नाही. त्यांच्याच मापानं मोजू. कुणी नेमलं? कुणाच्या संमतीनं? किल्ली कुणाच्या कमरेला?

त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहायला गेला, तर बापानं कोर्टात खेचलं आणि पोरगा परत मिळवला. पण पोरगा मिशनऱ्यांकडं जेवला होता. आता याला जातीत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यावर केवढा गदारोळ! मुंबई-पुण्याचे शास्त्री एकमेकांच्या शेंड्या ओढायला लागले. एका ब्राह्मणाच्या पोराच्या जेवणावर इतका कागद खर्ची पडला. त्याच वेळी मांगाचं पोर काय जेवतंय, जेवतंय तरी का, यावर कुणा शास्त्र्यानं शाई वाया घालवल्याचं ऐकलंय का तुम्ही?

मिशनरीसुद्धा सुरुवातीला ह्याच खेळात होते. त्यांचा हिशेब असा की ब्राह्मण फुटला की खालचा समाज आपोआप येईल. म्हणून इंग्रजी शाळा, म्हणून वादविवाद. बाबासाहेबांनी ह्या हिशेबाची चिरफाड केली आहे. मिशननं वरच्या जातींच्या शिक्षणावर आणि औषधपाण्यावर पैसा ओतला. वरच्यांनी शिक्षण घेतलं, औषध घेतलं, आणि ख्रिस्त तिथंच ठेवून गेले. दाराशी आला तो अस्पृश्य.

नारायण शेषाद्रीचंही तेच झालं. १८५४ साली तो दीक्षित पाळक झाला. पुढं १८६० नंतर तो जालन्याला आला. तेव्हा मराठवाडा निजामाचा. मुंबईहून बघाल तर ते परराज्यच. इंग्रजांची छावणी जालन्यात असली तरी जमीन, महसूल, हुकूम सगळं हैदराबादचं. तिथं त्याचं ऐकायला कोण आलं? मांग आले. ज्यांच्या वाट्याला मेलेल्या जनावराचं कातडं, दोरखंड, डफ आणि चोरीचा आळ, तेच आले. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथं ख्रिस्ती मांगांचं गाव उभं राहिलं. नाव बेथेल. म्हणजे देवाचं घर.

भावांनो, आता जरा थांबा. घाईनं शिवी देऊ नका, घाईनं हारही घालू नका. मी गोदीत माल उतरवणारा माणूस. उतरलेला माल आणि कागदावरचा माल टॅली केल्याशिवाय आमच्याकडं सही होत नाही. तसंच करू.

जमेला काय? गावकुसाबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच असं गाव मिळालं ज्याच्या मधोमध तो होता. विचार करा. आपल्या हजारो वर्षांत मांगवाड्याची दिशा दुसऱ्यानं ठरवली, वारा कुणीकडून वाहतो ते बघून. बेथेलमध्ये प्रार्थनामंदिर, शाळा, घरं त्यांचीच. डोक्यावर पाटील नाही. पोरगा पाटी घेऊन बसला तर त्याला उठवणारा कुणी नाही. रोज सकाळी कुणाला जोहार घालावा लागत नाही, ही गोष्ट लहान नाही. ज्याच्या बापाला तो घालावा लागला नाही, त्यालाच ती लहान वाटेल.

आणि खर्ची काय? मातंगांनी स्वतः अर्ज केला असता तर तो दिवाणाच्या दारापर्यंत पोचला असता का? जमीन आली ती एका शिकलेल्या माणसाच्या शब्दावर. पैसा स्कॉटलंडहून आणि परदेशी दात्यांकडून. वडील निवडायचा हक्क पंथानं दिला, पण जो पाळकाच्या पगारासाठी एडिंबरोच्या पत्राची वाट बघतो, तो त्या पत्राला नाही कसं म्हणणार? जमीनदारानं नेमलेला पाळक नको म्हणून ज्यांनी घरंदारं सोडली, त्यांच्याच मिशनात दूरचा दाता जमीनदाराच्या खुर्चीत बसला. माणसं चांगली होती हो. पण चांगल्या माणसाच्या कमरेला असली तरी किल्ली ती किल्लीच.

नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला गेला. जगभरातल्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांच्या परिषदेत हिंदुस्थानच्या मिशनकामाबद्दल बोलला. त्याच साली इकडं पुण्यात काय चाललं होतं ठाऊक आहे? जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून निघालं आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. ते पुस्तक जोतिरावांनी अर्पण कुणाला केलं? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. एकाच साली दोन माणसांनी अमेरिकेकडं बघितलं. एकानं मिशनसाठी हात मागितला. दुसऱ्यानं हात मागितला नाही, हात उंचावला : तुम्ही तुमच्याकडं केलंत, आम्ही आमच्याकडं करतो. आणि लक्षात ठेवा, जोतिराव ह्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्याच्या शाळेत शिकले. अक्षर घेतलं, बाप्तिस्मा घेतला नाही. अक्षर घेतल्याबद्दल ओशाळले नाहीत आणि बाप्तिस्मा न घेतल्याबद्दल मिशनऱ्यांचे वैरीही झाले नाहीत. मिशनकडं बघण्याची आपली रीत तिथंच आहे, नवी शोधायला नको.

१८९१ साली परदेशातून परतताना नारायण शेषाद्री समुद्रावरच वारला. एका माणसाच्या शब्दावर उभं राहिलेलं गाव माणूस गेला की पोरकं होतं. मिशन पुढं चाललं, जालन्यात दवाखाना झाला. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातली प्रेस्बिटेरियन मंडळी एकत्रित चर्चमध्ये सामील झाली, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि त्यात बिशपही आला. गोरा साहेब गेला. किल्ली मात्र कमिटीकडून कमिटीकडं, ट्रस्टकडून ट्रस्टकडं फिरत राहिली. वस्तीतल्या मातंग ख्रिस्त्याच्या हाताला ती किती लागली, हे त्यालाच विचारा.

आता १९५६ आठवा. नागपुरात लाखो माणसं आली. कुणी भाकरी बांधून, कुणी घरातलं भांडं विकून. बोटीनं पैसा आला नाही, एडिंबरोचं पत्र आलं नाही. आपला माणूस, आपली बावीस प्रतिज्ञांची घोषणा. म्हणून बाबासाहेब गेल्यावर दोन महिन्यांत पोरकं व्हायची वेळ आली तरी आपण पांगलो नाही. आणखी एक फरक बाबासाहेबांनीच दाखवलाय : मिशननं धर्मांतरिताला त्याच्या दुःखाचं मूळ पापात शोधायला शिकवलं, समाजाच्या रचनेत शोधायला शिकवलं नाही. म्हणून तो प्रार्थनेला उभा राहिला, अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही.

पण दोस्तांनो, इथं छाती फुगवून घरी जाऊ नका. खरी गोष्ट आता आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूला दिला. १९५६ मध्ये शीख आले. आपण बौद्ध झालो तर आपल्यालाही बाहेर काढलं. १९६० पासून महाराष्ट्रानं राज्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राचं दार १९९० पर्यंत बंद होतं. चौतीस वर्षं! दाखल्यावर 'हिंदू महार' लिहून घरात बुद्धवंदना म्हणणारे बाप आपल्यातच होते. त्यांना आपण लबाड म्हणतो का? नाही. पोटासाठी सरकारनं त्यांना लबाड व्हायला लावलं.

मग आज पत्र्याच्या खोलीत गुडघे टेकणारा मातंग भाऊ तेच करतो तेव्हा तो दलाल कसा? ख्रिस्ती दलिताला आजवर तो हक्क मिळालेला नाही. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं एका ख्रिस्ती बाईला बजावलं, नोकरीसाठी हिंदू म्हणवून घेणं ही घटनेची फसवणूक आहे. देव बदलला तरी गाव त्याची जात बदलत नाही. चहाचा कप वेगळा तो वेगळाच, मार खायची वेळ आली की तो मांगच. फक्त हक्काच्या दारात तो ख्रिस्ती. ही फसवणूक कुणी कुणाची केली?

म्हणून माझं उत्तर ऐका. पाळकाला हाकलायचं नाही. त्याच्या समोर बसून विचारायचं : पैसा कुठून येतो ते मंडळीला ठाऊक आहे का? खोलीची जागा कुणाच्या नावावर? वडील लोकांनी निवडले की वरून आले? हा प्रश्न त्याच्याच पंथाचा आहे, त्याला उत्तर द्यावं लागेल. आणि हाच प्रश्न आपल्या विहाराच्या कमिटीलाही विचारायचा, आपल्या मंडळाच्या वर्गणीलाही विचारायचा. तिथं हिशेब लपवणारा नेता असेल तर तोही मिशनरीच, फक्त बोटीनं आलेला नाही.

दुसरं, मातंग भावाच्या दाखल्याची चुगली करणाऱ्याच्या रांगेत आपला एकही पोरगा दिसता कामा नये. हक्क पाठीच्या वळावर मिळायला पाहिजे, प्रार्थनेच्या शब्दावर नाही, ही मागणी आपण करायची. १९९० ला आपल्यासाठी दार उघडलं. आत शिरून आतून कडी लावणाऱ्यांची जात वेगळी असते. आपली ती नव्हे.

तिसरं, शाळा. जिथं मिळेल तिथून अक्षर घ्या. मिशनच्या शाळेतून घ्या, सरकारच्या शाळेतून घ्या, गोदीतल्या पोत्यावरचं छापील वाचून घ्या. मी तसंच घेतलंय. अक्षर देणाऱ्याचे पाय धरायची गरज नाही.

बेथेल कुणाचं, असा माझा सवाल होता. नारायण शेषाद्रीचं नाही, सालारजंगाचं नाही, एडिंबरोचं नाही. तिथं ज्यानं पहिल्यांदा जोहार न घालता सकाळ बघितली, त्या मांगाचं ते गाव. त्याच्या नावावर सातबारा नसेल, पण ती सकाळ त्याची होती. तशी सकाळ शिरूरच्या प्रत्येक वस्तीत आणायची, आणि ह्या वेळेला किल्ली आपल्याच कमरेला ठेवायची.

जयभीम!