नोंदवही ते संगणक : सभासदांच्या माहितीची जपणूक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या आणि कोजागिरीच्या आठवणी निघाव्यात, हे स्वाभाविकच होय. परंतु कार्यकारिणीने आम्हांस सोपविलेला विषय रुक्ष आहे : सभासदांची माहिती कशी राखावी. आम्ही केवळ बी. ए.; संगणकशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. तथापि केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे कागद सांभाळले आणि बदली होईल त्या गावी प्रथम मराठी मंडळाचा पत्ता शोधला. एवढ्या अनुभवाच्या बळावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा चिटणीसपदाचा भार आमच्याकडे होता. एकट्यादुकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांची विचारपूस करावी, औषधे पोहोचवावीत, असे ठरले. यादी एका माजी सहकाऱ्यांच्या घरच्या संगणकात होती व ते बदलीवर दूर गेले होते. त्यांनी तत्परतेने प्रत पाठविली. पण ती पाच वर्षांपूर्वीची निघाली. तीवरून आम्ही एका ज्येष्ठ सभासदांच्या घरी दूरध्वनी केला आणि काकांची प्रकृती विचारली. पलीकडून काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते जाऊन तीन वर्षं झाली. मंडळाला तेव्हाच पत्र टाकलं होतं."

पत्र मंडळाच्या फाइलीत होते; यादीपर्यंत मात्र पोहोचले नव्हते. आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. काकूंचे नावच आमच्या यादीत नव्हते. काकांच्या नावापुढे 'व सौ.' एवढीच त्यांची नोंद. काका गेल्यावर वार्षिक वर्गणीची आठवण कोणाला द्यावयाची हे कोणास सुचले नाही, आणि चाळीस वर्षे हळदीकुंकवाची व्यवस्था पाहणाऱ्या काकू कागदोपत्री मंडळाच्या कोणीच उरल्या नाहीत. त्या प्रसंगाची शरम आम्हांस अद्यापि वाटते. सबब आमची पहिली विनंती अशी की, कुटुंब एक असले तरी प्रत्येक प्रौढ व्यक्तीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी.

नाव कसे लिहावे, हाही प्रश्न परमुलखात बिकट होतो. रोमन लिपीत 'काळे' आणि 'काले' यांत भेद राहत नाही. एकाच सभासदाची तीन याद्यांत तीन वर्णलेखने होतात आणि संगणक त्यांस तीन माणसे समजतो. येथे एका मराठी अधिकाऱ्याचे स्मरण होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, तो डाकतार खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पकतेतून. हे गृहस्थ संस्कृतचे कवी व नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिप्यांतील पत्ते, यांवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. आपणही प्रत्येक सभासदास एक कायमचा क्रमांक द्यावा. तो सभासद गेल्यावरही दुसऱ्यास देऊ नये. नाव मात्र रोमनबरोबर देवनागरीतही, युनिकोड पद्धतीने नोंदवावे. जुन्या खासगी टंकांत जुळविलेला मजकूर आजच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

ही केवळ टापटिपीची बाब नव्हे. अनेक मंडळे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहेत. त्याच्या पंधराव्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्यास मतदानाचा हक्क राहत नाही. राज्याराज्यांत या कायद्यात दुरुस्त्या झाल्या आहेत. तरी तत्त्व स्पष्ट आहे. यादी सदोष असेल तर निवडणूक वादग्रस्त होते आणि वर्षानुवर्षांचा स्नेह कचेरीच्या पायऱ्या चढू लागतो. वर्गणी आता यूपीआयने घरबसल्या येते. पण पैसे पाठविणाऱ्याने सभासद क्रमांक लिहिला नाही, तर ती रक्कम कोणाच्या खाती जमा करावी, हे खजिनदारास कळत नाही.

दुसरी बाजू विश्वासाची. सभासद आपणांस जन्मतारीख, पत्ता, मुलांची नावे सांगतो, ती आपुलकीने. पूर्वी ही माहिती स्मरणिकेच्या शेवटी छापली जाई आणि त्यात कोणास गैर वाटत नसे. आज तीच यादी व्हॉट्सॲपवरून क्षणार्धात विमा विकणाऱ्याच्या वा भामट्याच्या हाती जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याचा गाभा घरगुती शहाणपणाचाच आहे : कामापुरतेच विचारावे, कशासाठी ते सांगावे, संमती घ्यावी, चूक दाखविली तर दुरुस्त करावी. स्नेहसंमेलनासाठी आधार कार्डाची प्रत मागण्याचे यत्किंचितही कारण नाही.

व्यवस्था म्हणाल तर साधी आहे. यादी एकच असावी आणि ती मंडळाच्या नावाच्या खात्यात असावी, कोणाच्या घरच्या संगणकात नव्हे. दुरुस्तीचे काम एकाकडे, परंतु किल्ली दोघांकडे. एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे. पदभार देताना हिशेबाच्या वह्यांबरोबर संकेतशब्दही लेखी सोपवून नव्या चिटणिसांनी तो लगेच बदलावा. गणेशोत्सवात आपण घरोघर वर्गणीस जातोच. त्याच वेळी प्रत्येकास त्याची नोंद दाखवून खात्री करून घ्यावी.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. त्या टाळेबंदीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा ठावठिकाणा कोणत्याच संगणकात मिळेना. अखेर जुन्या नोंदवहीत समासात कोणी शाईने लिहून ठेवलेले सापडले : 'शेजारी निरोप द्यावा', आणि पुढे क्रमांक. त्यावरून आम्ही पोहोचलो, तेव्हा बाईंचे इन्शुलिन दोन दिवस पुरेल एवढेच उरले होते. ते लिहिणारा कार्यकर्ता कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. नव्या यादीत तसा एक रकाना आम्ही मुद्दाम घातला आहे. तो आपण सर्वांनी भरावा, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!