कारकीर्द कुणाची झाकोळली?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, की अमेरिकेतला एक रॅप गाणारा माणूस आणि त्याच्यावरचा खटला, याचं आपल्या शिबिरात काय काम? प्रश्न रास्त आहे. म्हणून हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते.

आमचं केंद्र ज्या वस्तीत आहे तिथे मुलांचा एक गट संध्याकाळी समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसून रॅप रचतो. गल्लीबद्दल, पोलिसांबद्दल, नोकरी न मिळण्याबद्दल. मला त्यांचं ऐकायला आवडतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शॉन कोम्ब्सला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. पफ डॅडी, पी. डिडी, डिडी अशी नावं त्याने वेळोवेळी लावली. बातमी मोबाइलवर बघून त्यांच्यातला एक मुलगा हळहळला, "ताई, एवढं मोठं करिअर, सगळं खलास!" शेजारी आमच्या किशोरी गटातली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आणि तिचं?"

या दोन शब्दांवरच मी आज बोलणार आहे. कारण वर्तमानपत्रांनीही त्या मुलासारखंच लिहिलं. गंभीर आरोपांमुळे कारकीर्द झाकोळली, वगैरे. जणू आभाळातून ढग आला आणि बिचाऱ्याच्या अंगणात सावली पडली.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६९ साली जन्म. १९९३ मध्ये 'बॅड बॉय' ही रेकॉर्ड कंपनी काढली. नोटोरियस बी.आय.जी. हा गाजलेला रॅपर त्याच कंपनीचा. १९९७ मध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी आलेल्या कोम्ब्सच्या पहिल्या आल्बमला १९९८ चं ग्रॅमी मिळालं. पुढे कपड्यांचा धंदा, मद्याच्या जाहिराती, अफाट पैसा. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्याला शहराची मानाची किल्ली दिली. दोनच महिन्यांनी कॅसी व्हेंचुरा या गायिकेने त्याच्यावर दिवाणी दावा लावला. (किल्ली जून २०२४ मध्ये परत घेतली. किल्ल्या नेहमी उशिराच परत घेतल्या जातात.)

आता 'तिचं' बघू. कॅसीचा जन्म १९८६ चा. २००६ मध्ये तिचं पहिलं गाणं अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्याच वर्षी बॅड बॉयशी करार झाला आणि पहिला आल्बम आला. करार किती आल्बमचा? दहा. निघाले किती? तो एकच. नंतर २०१३ मध्ये एक मिक्सटेप आली, बस. कंपनीचा मालक तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, आणि पुढे सुमारे अकरा वर्षं तो तिचा जोडीदारही होता. म्हणजे मालकही तोच, प्रियकरही तोच, घराचं भाडं भरणाराही तोच. गाणं कधी बाहेर येणार हे ठरवणाराही तोच. तो मारहाण करायचा, आणि अंमली पदार्थ देऊन पैसे देऊन आणलेल्या पुरुषांबरोबर संबंध ठेवायला लावायचा, ते चित्रित करायचा, आणि ती चित्रफीत बाहेर काढण्याच्या धमक्या द्यायचा, असं तिने न्यायालयात शपथेवर सांगितलं. हे दिवसदिवस चालायचं. मग त्यातून सावरण्यात आणखी दिवस जायचे. हेच आपलं काम होऊन बसलं होतं, दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती, अशा अर्थाचं ती म्हणाली. गायिकेचं हे म्हणणं मला सगळ्या साक्षीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

नऊ आल्बम न निघणं हा कुठल्याही दंडसंहितेत गुन्हा नाही. त्याची फिर्याद कुठे नोंदवायची?

"मग ती अकरा वर्षं राहिली कशाला?" हा प्रश्न आपल्या केंद्रात दर आठवड्याला येतो. सासूकडून येतो, हवालदाराकडून येतो, कधी कधी आपल्याच नव्या कार्यकर्तीकडून येतो. ज्याच्या हातात छप्परही आहे आणि पोटाचं कामही आहे, त्याला सोडणं म्हणजे दोन्ही एकदम सोडणं. नवऱ्याच्याच दुकानात, नवऱ्याच्याच नावावरच्या शिलाई मशिनवर बारा वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाया तुम्हालाही भेटलेल्या आहेत.

तिने एवढ्या उशिरा दावा लावला तरी कसा, हेही समजून घेण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये एक कायदा केला. प्रौढ वयात लैंगिक अत्याचार सोसलेल्या, पण मुदत उलटून गेलेल्या व्यक्तींना दिवाणी दावा लावायला त्याने एका वर्षाची खिडकी उघडून दिली. ती २४ नोव्हेंबर २०२२ ला उघडली आणि वर्षाने बंद झाली. कॅसीचा दावा १६ नोव्हेंबर २०२३ चा, खिडकी मिटायला आठवडा उरला असतानाचा. दुसऱ्याच दिवशी तडजोड झाली. दोन कोटी डॉलर मिळाले, असं पुढे तिने साक्षीत सांगितलं. पैशासाठी केलं, असं तेव्हा बोललं गेलंच. स्वतः कोम्ब्सने डिसेंबर २०२३ मध्ये सर्व आरोप ठामपणे नाकारले.

मग मे २०२४ मध्ये सीएनएन या वाहिनीने एक चित्रफीत दाखवली. मार्च २०१६, लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलची मार्गिका. कमरेला टॉवेल गुंडाळलेला हा माणूस लिफ्टपाशी पोचलेल्या कॅसीला खाली पाडतो, लाथा घालतो, फरफटत नेतो. आता माफीचा व्हिडिओ आला. त्या हॉटेलच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने खटल्यात सांगितलं, की चित्रफीत गडप करण्यासाठी त्याला एक लाख डॉलर रोख मिळाले होते. आणि तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयाने काय म्हटलं? घटना २०१६ ची असल्यामुळे मारहाणीचा खटला भरण्याची मुदत संपली आहे. साऱ्या जगाने डोळ्यांनी पाहिलेली मारहाण, पण तिच्यासाठी कलम उरलेलं नाही!

आपण फार पुढे आहोत असं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदा तक्रारीला तीन महिन्यांची मुदत देतो, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. हादरलेल्या बाईला हे नाव देता येईपर्यंतच सहा महिने जातात. पत्रकार प्रिया रामानी यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं, आणि बाईला दशकांनंतरही आपली तक्रार मांडण्याचा हक्क आहे असं म्हटलं. बोलायचा हक्क मिळाला. समितीची मुदत होती तिथेच आहे.

खटला मे २०२५ मध्ये सुरू झाला. ज्यूरी आपल्याला नानावटी खटल्यामुळे ऐकून माहीत. इथे आठ पुरुष, चार स्त्रिया. कॅसीला दिवस भरत आले होते. ती चार दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होती. बचाव पक्षाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आमचा अशील घरात हिंसा करायचा, ते नाकारत नाही; पण आरोप त्याचा नाही. मग तिने पाठवलेले प्रेमाचे, होकाराचे मेसेज तिलाच मोठ्याने वाचायला लावले. २ जुलैला निकाल लागला. संघटित गुन्हेगारीचा कट आणि बळजबरीने लैंगिक व्यापार, या सर्वांत गंभीर आरोपांतून तो सुटला. वेश्याव्यवसायासाठी माणसांना प्रवास घडवून आणल्याच्या दोन आरोपांत दोषी ठरला. ३ ऑक्टोबर २०२५ ला पन्नास महिन्यांची कैद आणि पाच लाख डॉलर दंड. हे सारं परस्परसंमतीचं खासगी प्रकरण होतं, हा बचाव न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना मात्र मान्य केला नाही. पुढे त्याने अपील केलं.

ज्यूरी कारणं देत नाही, त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं याचे अंदाज मी करणार नाही. पण मेसेज वाचून दाखवण्याची ती रीत ऐकताना मला मथुरा आठवली. १९७२, देसाईगंजची पोलिस चौकी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमतीच. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये लिहिलेलं खुलं पत्र इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींनी सायक्लोस्टाइल करून वाटलेलं असेल. मुकाट सोसणं आणि संमती यांत फरक असतो, हे सांगायला आपल्याला चळवळ उभारावी लागली. तेव्हा जखमा नव्हत्या म्हणून संमती. इथे जखमा पडद्यावर दिसत होत्या, तर मेसेज पुढे आले.

आणखी एक बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. ज्या कलमाखाली तो दोषी ठरला तो कायदा १९१० चा. त्याचं मूळ नावच 'गोऱ्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध' असं होतं, आणि जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याला गोऱ्या बाईशी असलेल्या संबंधावरून १९१३ मध्ये त्याच कायद्याने दोषी ठरवलं. तेव्हा कोम्ब्सच्या वकिलांनी या इतिहासावर बोट ठेवलं ते अगदी हवेतलं नव्हतं. काळ्या माणसाला अडकवायला व्यवस्था टपलेली असते, हे खरंच आहे. पण या सत्याची ढाल कुणाच्या हातात असते? १९९० मध्ये फ्लोरिडात टू लाइव्ह क्रू या रॅप गटावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा किंबर्ली क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी हेच लिहिलं होतं. काळ्या पुरुषांनाच वेचून पकडणं वर्णद्वेषी आहे. पण त्या गाण्यांमधली हिंसा काळ्या बाईवरच आहे, आणि तिला दोन्ही बाजूंनी गप्प बसायला सांगितलं जातं. आपल्याकडे दलित मैत्रिणींनी समाजातल्या पुरुषांच्या हिंसेबद्दल तोंड उघडलं, तेव्हा चळवळीत फूट पाडता का, हे त्यांनी किती वेळा ऐकलं, ते त्याच सांगतील.

म्हणून त्या पायरीवरच्या मुलांना मी 'रॅप वाईट' असं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांचा राग खरा आहे. मी एवढंच विचारते, की तुमच्या गटात माइक मुलीच्या हातात कधी जातो?

शेवटी एक कामाची गोष्ट. आमच्या केंद्राच्या नोंदणी अर्जात 'पतीचा व्यवसाय' असा रकाना होता, आणि बाईपुढे आम्ही सवयीने 'गृहिणी' लिहून मोकळ्या होत होतो. गेल्या वर्षापासून आम्ही एक प्रश्न वाढवला: लग्नाआधी किंवा या संबंधाआधी तुम्ही काय करत होतात, आणि ते कशाने थांबलं? उत्तरं अशी आली, की आम्हाला अर्जाला जादा कागद जोडावा लागला. कुणी नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडलेलं, कुणी जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेली, एक भजनी मंडळात गाणारी. हा अर्ज मी आणला आहे, मागच्या टेबलावर प्रती आहेत. आपापल्या केंद्रात वापरून बघा, काय बदल हवेत ते मला कळवा. आता प्रश्न असतील तर घेऊ.