आजीबाईचा बटवा : कशासाठीं, किती आणि कोठवर?



मराठी घरांतील मिसळणाचा डबा दोन कामें करीत असतो. भाजी-आमटीला चव आणणें हें त्याचें पहिलें काम, आणि घरांतील माणसांच्या लहानसहान तक्रारींना उतार देणें हें दुसरें. हळद, हिंग, ओवा, लवंग हीं त्या डब्यांत. मध, तूप, खोबरेल हीं शेजारच्या फळीवर. ह्या सर्व संचाला आपण प्रेमानें आजीबाईचा बटवा म्हणतों. मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे; माझें आयुष्य शाळेंत गेलें. म्हणून हा विषय मास्तरांच्या पद्धतीनेंच, तीन प्रश्न घालून मांडतों. घरगुती औषध घेतांना विचारावें : तें कशासाठीं? किती? आणि कोठवर?

जुन्या घरांत हे प्रश्न मोठ्यानें विचारावे लागत नसत. त्यांचीं उत्तरें औषध देणाऱ्या हातालाच ठाऊक असत. बाळगुटी उगाळतांना कोणत्या मुळीचे सहाणेवर किती वेढे घ्यावयाचे, हें ठरलेलें असे. तान्ह्या मुलाला पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहींच, पाणीसुद्धां, देऊं नये असें आतां डॉक्टर सांगतात, आणि तें ऐकलें पाहिजे; परंतु वेढे मोजण्याची ती शिस्त मात्र घेण्यासारखी होती. आज भ्रमणध्वनीवर रोज सकाळीं कोणी ना कोणी एक उपाय धाडतो. त्यांत औषधाचें नांव असतें, गुण तर दहापट वर्णिलेले असतात; प्रमाण आणि मर्यादा तेवढ्या गळलेल्या असतात.

प्रथम घसा आणि खोकला घेऊं. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यानें घशाला आराम पडतो. झोपतांना चमचाभर मध चाटविल्यानें मुलांचा रात्रींचा खोकला कमी होतो, हें अलीकडे पद्धतशीर प्रयोग करून पाहिलेलें आहे. पण एक वर्षाच्या आंतील मुलाला मधाचें बोटसुद्धां लावूं नये. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. तीं मोठ्या माणसाच्या पोटांत निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून अंग लुळें पाडणारें विष निर्माण करूं शकतात. वाफाऱ्यानें चोंदलेल्या नाकाला बरें वाटतें; तथापि मूल आणि उकळत्या पाण्याचें पातेलें एकत्र आणूं नये, कारण पातेलें कलंडून भाजण्याचे प्रकार वारंवार घडतात. कापूर तर लहान मुलाच्या पोटांत थोडाही गेला तरी झटके येऊं शकतात. तो देवघरांतच, आणि हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर असावा. आतां कोठवर? मुलाचा श्वास जलद चालूं लागला, बरगड्यांखालीं खळगे पडूं लागले, तर त्याच घटकेस डॉक्टर गांठावा. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर काढे पुरे करून थुंकी तपासून घ्यावी. क्षय आपल्या देशांतून गेलेला नाहीं, आणि तो वेळेवर कळला तर बरा होतो.

दांतदुखीवर लवंग हा खरोखर गुणकारी उपाय आहे. लवंगेंत युजेनॉल नांवाचें तेल असतें, तें हिरडीला बधिर करतें. दांताचे डॉक्टरही तें वापरीत आलेले आहेत. परंतु माझ्या वर्गांतील सातवीचा एक मुलगा महिनाभर गालांत लवंग धरून शाळेंत येत असे. एके दिवशीं त्याचा गाल सुजून डोळा मिटला, अंगांत ताप भरला, आणि शेवटीं रुग्णालयांत ठेवून त्याची कायमची दाढ काढावी लागली. लवंगेनें आपलें काम चोख बजावलें होतें. दुखणें झांकलें गेलें. कीड मात्र आंत वाढतच राहिली. लवंग ही डॉक्टरकडे जाईपर्यंतची सोबत आहे, डॉक्टरच्या ऐवजीं नव्हे.

आतां ज्या उपायांत प्रमाण हेंच सर्वस्व आहे तो सांगतों. जुलाब लागलेलें मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळें. अशा वेळीं एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजावें. साखरेच्या संगतीनें मीठ आंतड्यांतून रक्तांत शिरतें, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतें. हेंच त्यांतलें रहस्य. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हां पश्चिम बंगालमधील बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळील शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें. त्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यांत कालविलें, आणि रोग्यांच्या नातलगांकरवीं तें पाजविलें. छावणींतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें शेंकडा ४ हूनही खालीं आलें. ह्या डॉक्टरांना २०२३ सालीं मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें.

पण मीठ अधिक पडलें तर हेंच पाणी अपाय करतें. तेव्हां आईनें आधीं स्वतः चव घ्यावी. अश्रूंहून खारट लागलें तर ओतून टाकावें. साधलें तर दुकानांतील ओ. आर. एस. ची पुडीच आणावी, तिच्यावर लिहिलेलें पाण्याचें माप पाळावें, आणि केलेलें पाणी एक दिवसाहून अधिक ठेवूं नये. मुलाचें दूध व जेवण तोडूं नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलें, कांहींच पिईना, किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घरचा उपाय तेथेंच संपला. वाटेंत पाजीत पाजीत दवाखाना गांठावा.

भाजण्यावर आपल्या घरांत तूप, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस असे नाना लेप लावतात. ह्यांतील एकही लावूं नये. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा, बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या, स्वच्छ कोरड्या फडक्यानें सैल झांकावें, आणि फोड फोडूं नयेत. लेपानें उष्णता आंत कोंडते आणि डॉक्टरला जखम दिसेनाशी होते. चेहरा, हात किंवा सांधे भाजले असतील, अथवा विजेनें भाजलें असेल, तर जखम लहान दिसली तरी ती दाखवावी.

आतां सौंदर्याकडे वळतों, कारण बटव्याचा अर्धा भाग त्यासाठींच असतो. शिकेकाई आणि रिठा ह्यांत फेंस आणणारीं द्रव्यें असतात, म्हणून त्यांनीं केंसांचा मळ निघतो. खोबरेल केंसाच्या आंत शिरतें आणि धुतांना होणारी त्याची झीज कमी करतें. पण गेलेले केंस तें परत आणीत नाहीं. डाळीचें पीठ व हळद ह्यांचें उटणें मळ काढतें. वर्ण बदलीत नाहीं, आणि बदलण्याची गरजही नाहीं. तोंडाला लिंबू चोळून उन्हांत गेल्यास उलट काळे डाग किंवा फोड येतात. दुकानांतील सुरम्यांत शिसें आणि गोरें करणाऱ्या कित्येक मलमांत पारा सांपडलेला आहे. शिसें मुलांच्या मेंदूला आणि पारा मूत्रपिंडाला घातक. हळदीलाही चकाकी आणण्यासाठीं शिशाचा पिवळा रंग लावल्याचीं उदाहरणें आहेत, म्हणून खात्रीची हळद घ्यावी. आणि भाजींतील चिमूटभर हळद वेगळी, तिच्या अर्काच्या तीव्र गोळ्या वेगळ्या. अशा गोळ्यांनीं कांहीं जणांच्या यकृताला इजा झालेली आहे. पदार्थ तोच, पण प्रमाण पालटलें कीं परिणामही पालटतो.

गृहिणींना आणि गृहस्थांनाही माझी एक सूचना आहे. एक साधी वही घ्यावी आणि पानावर तीन रकाने आंखावे : कशासाठीं, किती, कोठवर. घरांत चालत आलेला प्रत्येक उपाय त्यांत लिहून काढावा, आणि ओळखीच्या डॉक्टरांना किंवा वैद्यांना ती वही एकदां दाखवून दुरुस्त करून घ्यावी. घरांतील वडील बायकांजवळ बसून त्यांचीं मापें विचारून घ्यावीं. तीं छापलेलीं नाहींत, आणि त्यांच्याबरोबर तीं जातील. ज्या उपायाचा तिसरा रकाना भरतां येत नाहीं, तो घरांत कितीही जुना असला तरी वापरूं नये.